कापडी गुंडाळीतली वंशावळ : पडताळणीच्या नोंदी

९ जानेवारी २०२२

काल शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर जावयाच्या आजींनी कपाटाच्या वरच्या फळीवरचे पत्र्याचे नळकांडे खाली काढायला लावले आणि त्यातली गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. कापडावर चिकटवलेला कागद, सुमारे दोन हात लांब, कडा तपकिरी पडलेल्या. खालच्या टोकाला आजींच्या वडिलांचे नाव, वरच्या टोकाला शाईने काढलेला मुकुट आणि त्याखाली हिब्रू अक्षरांत ‘दावीद, इस्राएलचा राजा’. आजींच्या वडिलांनी १९३५ साली लुब्लिन परिसरातले आपले गाव सोडताना घरातल्या एका जुन्या वहीवरून हे सारे उतरवून घेतले होते. ती वही आणि ती जपणारी माणसे तिकडेच राहिली.

माझी नात यंदा सातवीत आहे. इथल्या, म्हणजे इस्रायलमधल्या, शाळांत सातवीच्या मुलांना आपल्या घराण्याची मुळे शोधून त्यांचे छोटेसे पुस्तक करावे लागते. मुकुट पाहताच तिने विचारले, ‘‘आजी, म्हणजे मी राजाच्या घराण्यातली?’’ तिच्या पणजींनी मान डोलावली. मी मात्र उत्तर राखून ठेवले आणि गुंडाळीची छायाचित्रे काढून घेतली.

मी बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजापैकी आहे. जन्म अलिबागेजवळचा, शिक्षण मुंबईत, आणि इस्रायलला आल्यावर एका रुग्णालयाच्या दफ्तरखान्यात ३१ वर्षे काम केले. तिथे रोग्याने सांगितलेली हकीगत आणि डॉक्टरांनी तपासून लिहिलेले निदान एकाच कागदावर, पण वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे लागे. तीच शिस्त या कामाला लावायची असे मी ठरवले आहे. प्रत्येक दुव्यापाशी तीन गोष्टी विचारायच्या: हे प्रथम कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि लिहिणारा त्या माणसांपासून किती वर्षे दूर होता. समकालीन कागद असेल तर तक्त्यावर शाईची रेघ, पुढच्या काळात कोणी लिहून ठेवलेली परंपरा असेल तर पेन्सिलची रेघ, आणि काहीच नसेल तर जागा मोकळी. घरच्या माणसांची नावे या नोंदींत येणार नाहीत. नात म्हणजे पिढी १, तिच्या पणजी म्हणजे पिढी ४, असे क्रमांक वर चढत जातील.

२३ जानेवारी २०२२

पोलंडमधल्या नोंदींपासून सुरुवात केली, आणि पहिल्या तीन पिढ्यांनी अपेक्षेपेक्षा चांगली साथ दिली. नेपोलियनची दिवाणी संहिता त्या भागात १८१० साली लागू झाली आणि १८२६ पासून यहुद्यांच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या स्वतंत्र ठेवल्या जाऊ लागल्या. १८६८ पर्यंत त्या पोलिश भाषेत आहेत, त्यानंतर रशियनमध्ये. दस्तऐवज रकान्यांचा नसून गोष्टीसारखा लिहिलेला असतो: ‘घडले असे, अमुक गावी, सकाळी दहा वाजता, समोर हजर झाले…’ आणि मग वय, धंदा, आईबाप, साक्षीदार. तारखाही दोन असतात, एक जुन्या रशियन पंचांगाची आणि एक नव्या पंचांगाची, आणि एकोणिसाव्या शतकात त्या दोहोंत १२ दिवसांचे अंतर पडते. माझ्या पहिल्या टिपणात मी पिढी ६ च्या जन्माची जुनी तारीख उतरवली होती. ती आज बदलली.

सगळ्यांत मोलाचा सापडला तो पिढी ७ चा १८६७ सालचा विवाहलेख. गुंडाळीवर या पिढीपाशी पुरुषाचे नाव आहे आणि शेजारी पत्नीसाठी आखलेली चौकट कोरी आहे. लेखात मात्र वधूचे नाव, वय १८, तिचे आईबाप आणि आईचे माहेरचे आडनावही दिलेले आहे. खाली वराची सही हिब्रू अक्षरांत आहे. वधूपाशी, तिला लिहिता येत नसल्याचे सांगितले, एवढेच वाक्य. दीडशे वर्षे कुटुंबाच्या तक्त्यात जिला नाव नव्हते ती मुलगी कारकुनाच्या कंटाळवाण्या पोलिशमध्ये सुखरूप होती. हे वाचल्यावर मी काही वेळ दुसरे पान उलटले नाही.

पिढी ९ चा मृत्युलेख १८३४ चा आहे आणि त्यात त्याचे वडील रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, असल्याचे लिहिले आहे. म्हणजे नातीपासून पिढी १० पर्यंत शाई.

१४ फेब्रुवारी २०२२

याद वाशेम या जेरुसलेममधल्या स्मारकसंस्थेच्या संग्रहातली साक्षपत्रे पाहिली. नाझींनी केलेल्या संहारात मारल्या गेलेल्या यहुद्यांविषयी त्यांच्या नातेवाइकांनी भरून दिलेले हे कागद आहेत. आजींच्या वडिलांच्या तीन भावंडांची पत्रे मिळाली, तिन्ही आजींच्याच वडिलांच्या हस्ताक्षरातली. तिथे पेन्सिलीचा प्रश्नच येत नाही. आजींना ती छापून दिली. त्यांनी वाचली, घडी केली आणि नळकांड्यात ठेवली.

६ मार्च २०२२

पिढी १० च्या मागे जाताना नोंदवह्या संपतात आणि आडनावेही संपतात. ऑस्ट्रियाच्या मुलखात यहुद्यांना कायम आडनाव घेण्याची सक्ती १७८७ साली झाली, रशियात १८०४ साली, आणि आमच्या कुटुंबाच्या भागात १८२१ साली. त्याआधी सामान्य माणूस अमक्याचा मुलगा तमका एवढ्यावरच ओळखला जाई. म्हणून बहुतेक अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या यहुदी, घराण्यांचा शोध अठराव्या शतकाच्या शेवटी थांबतो. रब्ब्यांची घराणी याला अपवाद असतात, कारण त्यांनी पुस्तके लिहिली, एकमेकांच्या पुस्तकांना ‘हस्कामा’ म्हणजे संमतिपत्रे दिली, आणि प्रस्तावनेत आपले आईबाप, सासरे व पूर्वज नोंदवून ठेवले.

आज जेरुसलेममधल्या राष्ट्रीय ग्रंथालयात पिढी १० च्या पुस्तकाची प्रत उघडली. पाने पातळ, कडेला किड्यांनी पाडलेली बारीक भोके, आणि शीर्षकपानावर मोठ्या अक्षरांत पुस्तकाचे नाव व लहान अक्षरांत लेखकाचे, जणू पूर्वजांच्या बिरुदांनी त्याला कोपऱ्यात सरकवले आहे. प्रस्तावनेत चार पिढ्या स्पष्ट आहेत. शेवटचा, म्हणजे पिढी १४, हा ‘ब्रेस्तच्या शाऊल वाल यांचा नेखेद’ असे लिहिले आहे. आधुनिक हिब्रूत नेखेद म्हणजे नातू. गुंडाळीवरही तो शाऊलचा नातू म्हणूनच आला आहे. मी तसेच उतरवले.

२७ मार्च २०२२

मागची नोंद दुरुस्त करावी लागते आहे. पिढी १४ चा जन्म १६३८ च्या सुमाराचा आणि शाऊल वालचा १५४१ चा. दोन पिढ्यांत ९७ वर्षे बसतात, पण ओढून ताणून. शंका आली म्हणून पिढी १४ च्या भावाचे छापील पुस्तक शोधले, आणि त्यात तो स्वतः लिहितो की आपल्या आईची आई ही शाऊल वालची मुलगी. म्हणजे दोघे भाऊ शाऊलचे पणतू ठरतात. रब्ब्यांच्या जुन्या लिखाणात ‘नेखेद’चा अर्थ पुष्कळदा नुसता ‘वंशज’ एवढाच असतो, आणि आजची भाषा घेऊन मी तो वाचला ही माझी चूक. पणत्याने स्वतःच्या आजीविषयी लिहिलेले असल्याने दुवा शाईचा राहिला, पण आता तो दोन स्त्रियांमधून जातो आणि शाऊल पिढी १७ वर सरकतो.

शाऊल वालच्या नावाने नातीचा उत्साह उसळला, कारण त्याच्याविषयी सांगतात की तो एका रात्रीपुरता पोलंडचा राजा झाला होता. कथा अशी. राजपुत्र रादझिविल यात्रेहून परतताना पैसे संपल्याने इटलीत अडकला. पादुआचे रब्बी श्मुएल येहूदा कात्सेनेलेनबोगेन यांनी त्याला मदत केली आणि मोबदला म्हणून पोलंडमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलाची, शाऊलची, विचारपूस करण्याची विनंती केली. पुढे १५८७ साली राजाच्या निवडणुकीत सरदारांचे एकमत होईना. सिंहासन एक रात्रही रिकामे राहू नये म्हणून रादझिविलने १८ ऑगस्टच्या रात्री शाऊलला राजा ठरवले.

या कथेचे दोन भाग मी तक्त्याशेजारी वेगळे लिहिले. कागदावर आहे ते असे: स्टेफान बाथोरी राजाने १५७८ साली शाऊलला मिठाचा मक्ता दिला, आणि तिसऱ्या सिगिस्मंडने १५८९ साली त्याला ‘राजसेवक’ ही पदवी दिली. सिगिस्मंडची निवड १९ ऑगस्ट १५८७ ला झाली हेही पक्के. त्या एका रात्रीच्या राज्याचा उल्लेख मात्र त्या निवडणुकीच्या समकालीन कागदांत येत नाही. तो येतो अठराव्या शतकात, पिन्खास कात्सेनेलेनबोगेन या त्याच घराण्यातल्या रब्बींच्या लिखाणात, आणि १८५४ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेने तो सर्वत्र पोचवला. नात म्हणाली, ‘‘म्हणजे खोटे.’’ मी तिला सांगितले की खोटे म्हणायलाही पुरावा लागतो. आपल्या हातात आहे ते इतकेच, की सुमारे दीडशे वर्षे ही गोष्ट कागदाबाहेर होती. राजसेवक शाऊल शाईत आणि राजा शाऊल पेन्सिलीत, असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले.

शाऊलचे वडील श्मुएल येहूदा (१५२१–१५९७) आणि आजोबा मेईर कात्सेनेलेनबोगेन (१४८२–१५६५) यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मेईर यांना सारे ‘पादुआचे महाराम’ म्हणून ओळखत, आणि पोलंडपर्यंतचे रब्बी त्यांना धर्मशास्त्राचे प्रश्न लिहून पाठवत. जावई कामानिमित्त इटलीला गेला होता. त्याने पादुआच्या जुन्या दफनभूमीतून त्यांच्या शिळेचे छायाचित्र पाठवले. शिळेवर दबा धरून बसलेले एक मांजर कोरलेले आहे, कारण जर्मनमध्ये मांजराला ‘कात्से’ म्हणतात आणि ते आडनावात आहे. कान झिजले आहेत, पाठीची कमान मात्र अजून स्पष्ट आहे.

याच पादुआत डॉन इसाक अब्राबानेल यांना पुरले होते. लिस्बनमध्ये १४३७ साली जन्मलेले, राजांच्या तिजोऱ्या सांभाळलेले, १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेले आणि आपले घराणे दावीदाचे असल्याचे स्वतः लिहून ठेवणारे हे विद्वान. १५०९ च्या युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि त्यांची कबर आता कोणाला दाखवता येत नाही.

२ मे २०२२

आता वंश पुन्हा एका बाईमधून वर चढतो. मेईर यांची आई लुरिया घराण्यातली, येखिएल लुरिया यांची मुलगी. लुरिया घराण्याची परंपरा दोन ठिकाणी लिहिलेली आहे: आल्सासमधले योहानान लुरिया यांच्या टिपणात, आणि लुब्लिनचे थोर रब्बी श्लोमो लुरिया, म्हणजे माहरशाल (१५१०–१५७३), यांच्या उत्तरसंग्रहातल्या २९ व्या उत्तरात. या परंपरेनुसार लुरिया घराण्यात सून म्हणून आलेली मिर्याम ही श्लोमो स्पिरा यांची मुलगी आणि तिच्या आजोळाकडून फ्रान्सच्या त्रेव्हेस घराण्यातली. राशी या अकराव्या शतकातल्या थोर भाष्यकाराचे रक्त लुरियांत आले ते तिच्यामुळे.

मिर्यामविषयी माहरशालांच्या त्या उत्तरात एक ओळ आहे जी मी तीनदा वाचली. ती पाठशाळा चालवत असे आणि पडद्याआड बसून निवडक तरुणांना शास्त्र शिकवत असे. चौदाव्या-पंधराव्या शतकातली ही गोष्ट, आणि लिहिणारा तिच्यापासून काही पिढ्या दूर असल्याने नियमाप्रमाणे पेन्सिल. तरी मला ही पेन्सिल ठळक वाटते, कारण घराण्याचा मोठेपणा वाढवायला म्हणून कोणी बाईला पडद्याआड बसवून शिकवायला लावील असे वाटत नाही. तसे करायचे असते तर एखाद्या पुरुषालाच अधिक मोठा केला असता.

हे लिहिताना ध्यानात आले की गुंडाळीवर ज्या ज्या ठिकाणी वंश मोठ्या नावाला जाऊन मिळतो त्या त्या ठिकाणी तो मुलीकडून मिळतो. आडनाव धरून शोधणाऱ्याच्या हातून हे सारे निसटले असते. आणि गुंडाळीवर नेमक्या याच स्त्रियांच्या चौकटी सर्वांत लहान आहेत.

२९ मे २०२२

राशी, म्हणजे रब्बी श्लोमो यित्सखाकी, जन्म १०४०, मृत्यू ११०५, गाव फ्रान्समधले त्रुआ. तल्मूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथाचे कोणतेही छापील पान उघडले की आतल्या अंगाला त्यांचे भाष्य असते, आणि बाहेरच्या अंगाला त्यांच्या नातवंडांच्या परंपरेतल्या पंडितांचे. त्यांना मुलगा नव्हता. योखेवेद ही त्यांची मुलगी मेईर बेन श्मुएल यांना दिली. तिचे मुलगे राशबाम आणि रब्बेनू ताम. मिर्याम ही दुसरी मुलगी येहूदा बेन नातान यांना दिली. इथपर्यंत पुस्तकेच साक्ष देतात, कारण नातवंडे आपल्या भाष्यांत ‘आजोबा म्हणत’ असे लिहितात.

खालच्या बाजूने मात्तित्याहू त्रेव्हेस हेही पक्के आहेत. पाचव्या चार्ल्स राजाच्या काळात ते पॅरिसचे मुख्य रब्बी झाले आणि १३८५ च्या सुमारास वारले. प्रश्न मधल्या दोनशे वर्षांचा आहे. रब्बेनू ताम ११७१ साली वारले, आणि तिथून त्रेव्हेस घराण्यापर्यंत पोचणारी, एकामागून एक नावे देणारी समकालीन यादी मला मिळालेली नाही. या दोनशे वर्षांत काय काय झाले ते पाहिले तर नवल वाटत नाही. १२४२ साली पॅरिसमध्ये तल्मूदच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या. १३०६ साली यहुद्यांना फ्रान्समधून हाकलले, १३१५ मध्ये परत घेतले, १३२२ मध्ये पुन्हा हाकलले, शतकाच्या मध्यानंतर पुन्हा येऊ दिले आणि १३९४ साली कायमचे बाहेर काढले. ज्या माणसांना दर पिढीत घर सोडावे लागले त्यांच्या कुटुंबाच्या वह्या कोणत्या पेटीत राहणार? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची दहा-दहा पिढ्यांची नावे मिळतात, कारण वही, घर आणि क्षेत्र तिन्ही जागच्या जागी राहिली. इथे तिन्हींपैकी एकही राहिले नाही.

गुंडाळीवर या ठिकाणी सलग सात नावे आहेत. ती कोठून आली ते ठरत नाही. तक्त्यावर मी जागा मोकळी ठेवली आणि वर राशी, खाली मात्तित्याहू, एवढे लिहिले. जावयाला हे रुचले नाही. त्याचे म्हणणे असे की लुरियांसारख्या विद्वानांनी सांगितलेले आपण का नाकारावे. मी नाकारत नाही. घराण्याचे राशीशी नाते आहे ही त्यांची साक्ष कडेला पेन्सिलीने लिहिली आहे. पण साक्ष नात्याची आहे, त्या सात नावांची नाही.

एक हिशेब त्याच्यासमोर मांडला तेव्हा तो शांत झाला. दर पिढीला आईबाप दोन धरले तर ३० पिढ्यांमागे पूर्वजांच्या जागा १०७ कोटींहून अधिक होतात, आणि तेवढी माणसे तेव्हा जगातही नव्हती. म्हणजे तीच ती माणसे हजारो जागांवर बसलेली आहेत. त्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की आजचे अश्केनाझी सुमारे २५ ते ३२ पिढ्यांपूर्वीच्या, अंदाजे ३५० माणसांएवढ्या लहान मूळ समूहातून वाढले. राशीची नातवंडे त्याच जगातली. तेव्हा जावई राशीचा वंशज असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि तितकाच त्याच्या इमारतीतल्या प्रत्येक अश्केनाझी शेजाऱ्याचा. कागद फक्त वाट दाखवतो, आणि आमची वाट त्या दोनशे वर्षांत बुजलेली आहे.

७ जून २०२२

परवा शावुओत झाला. या सणाला रूथची गोष्ट वाचतात. पतीच्या मृत्यूनंतर सासूचा हात न सोडणारी मवाबी सून, परक्या देशातली, परक्या लोकांतली; आणि पुस्तक संपते ते दहा पिढ्यांच्या वंशावळीने: पेरेसपासून बवाज, बवाजापासून ओबेद, ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद. राजाची पणजी परकी होती हे राजाच्या वंशावळीने लपवलेले नाही.

आज नातीच्या आईकडची, म्हणजे माझी बाजू लिहायला घेतली. आमच्याकडे कापडी गुंडाळी नाही. जे आहे ते असे: अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, आणि बुडालेल्यांची तिथली दफनस्थळे. कुलाब्यातल्या गावांवरून आलेली आडनावे. तेलाचा घाणा आणि शनिवारी तो बंद, म्हणून लोकांनी दिलेले ‘शनवार तेली’ हे नाव. बाहेरून आलेल्या दावीद राहाबींनी, हे लोक यहुदीच आहेत का ते पाहायला, मासे पुढ्यात ठेवले आणि बायकांनी पर व खवले असलेले तेवढेच वेगळे काढले, ही आठवण. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदा. हे सारे पेन्सिल. शाई सुरू होते ती बरीच अलीकडे: १७९६ साली श्मुएल दिवेकरांनी मुंबईत बांधलेले शाआर हाराहामीम सिनेगॉग, पलटणींच्या नोंदी, आणि थडग्यांवरचा हिब्रू-मराठी मजकूर. माझ्या पणजोबांच्या शिळेवर वडिलांचे नाव आहे. त्यांच्या आईचे नाव मला माझ्या आत्याने सांगितले, म्हणून पेन्सिल.

नातीला एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमध्ये बेने इस्रायल मंडळींचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची शक्य तितकी मागपर्यंत चौकशी करावी असे आदेश निघाले होते. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि आदेशातून समाजाचे नाव काढले गेले. ती म्हणाली, ‘‘मग राजाच्या बाजूच्या बायकांची चौकशी कोणी केली होती?’’ हा प्रश्न मी तिच्या प्रकल्पात तिच्याच शब्दांत राहू दिला आहे.

१२ जून २०२२

राशीच्या वरचा भाग. परंपरा सांगते की राशी हे दुसऱ्या शतकातल्या योहानान हासांदलार यांच्यापासूनचे ३३ वे. योहानान हे हिल्लेल या इसवी सनाच्या आरंभीच्या थोर पंडिताच्या घराण्यातले. आणि हिल्लेल दावीदाच्या. राशींनी स्वतः आपल्या एवढ्या मोठ्या लिखाणात असे कुठे म्हटलेले नाही. तल्मूदातल्या ‘शब्बाथ’ या प्रकरणावरच्या भाष्यात ते आईच्या भावाचा, शिमोन यांचा, आदराने उल्लेख करतात. त्यापलीकडे पूर्वजांचा गौरव नाही. ३३ नावेही कुठे मिळत नाहीत, आकडा मिळतो. जागा मोकळी.

हिल्लेलविषयी जेरुसलेम तल्मूदात आहे की जेरुसलेममध्ये वंशावळींची एक गुंडाळी सापडली आणि तीत ‘हिल्लेल दावीदाच्या वंशातला’ असे लिहिले होते. गुंडाळीची साक्ष गुंडाळीनेच दिली याचे मला फार बरे वाटले, पण हिल्लेल आणि या तल्मूदाचे संकलन यांत सुमारे चारशे वर्षे आहेत. त्याच तल्मूदात हिल्लेलचे वंशज येहूदा हानासी बाबिलच्या निर्वासित-प्रमुखाविषयी कबूल करतात की तो पुरुषांकडून दावीदाचा, आपण स्त्रियांकडून. इथेही राजवंश आला तो मुलीकडून.

बाबिलचे ते निर्वासित-प्रमुख, ‘रेश गालुता’, आपला वंश इ. स. पू. ५९७ मध्ये कैद होऊन गेलेल्या यहोयाखीन राजापर्यंत नेत. या यहोयाखीनाविषयी मात्र असा कागद आहे की त्यापुढे माझी शाई फिकी पडावी. बाबिलच्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्या आणि १९३९ साली त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. त्या कोठाराच्या हिशेबात तेलाचे शिधे कोणाला किती दिले ते लिहिले आहे, आणि शिधा घेणाऱ्यांत ‘यहूदाचा राजा यौकीन’ आणि त्याचे पाच मुलगे आहेत. कोणाचा मोठेपणा सांगायचा नव्हता, तेल मोजायचे होते. बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात याच राजाच्या मुलांची नावे व पुढच्या पिढ्या दिल्या आहेत, आणि मागे दावीदापर्यंतची राजांची रांग आहे.

दुपारी नातीला इस्रायल म्युझियममध्ये नेले. तेल दान इथे १९९३ साली सापडलेला काळ्या बेसॉल्टचा तुकडा तिथे आहे. इ. स. पू. नवव्या शतकातल्या अरामी राजाने आपल्या विजयाची फुशारकी त्यावर कोरली आहे, आणि त्यात सलग सहा अक्षरे आहेत: ‘बेथदाविद’, दावीदाचे घराणे. नातीने काचेवर बोट धरून ती सहा अक्षरे मोजली. वंशजाने नव्हे, शत्रूने लिहिलेली असल्याने तिला ती सर्वांत खरी वाटली.

१६ जून २०२२

तक्ता पुरा झाला. पिढी १ ते १९ शाई. पादुआच्या मेईरपासून मात्तित्याहू त्रेव्हेसपर्यंत पेन्सिल. तिथून राशीपर्यंत मोकळी जागा, राशी आणि त्यांच्या मुली व नातवंडे पुन्हा शाईत, त्यांच्या वर सोळाशे वर्षांची मोकळी जागा आणि कडेला पेन्सिलीने परंपरेची नोंद. मग यहोयाखीन, आणि अगदी वर दावीद. गुंडाळीवरचा मुकुट आम्ही काढला नाही, फक्त तो जिथे होता तिथून खाली येणारी सलग रेघ ओढली नाही. माझी बाजू शेजारच्या पानावर तितक्याच मोठ्या अक्षरांत आहे. शिक्षिकेने मोकळ्या जागांविषयी विचारले तेव्हा नातीने फ्रान्समधली हद्दपारीची तिन्ही साले न चुकता सांगितली.

३ जुलै २०२२

तक्त्याची एक मोठी छापील प्रत आजींना नेऊन दिली. राशीच्या वरची मोकळी जागा पाहून त्या रागावतील अशी मला भीती होती. त्यांनी चष्मा पुसला, वरून खाली सावकाश पाहिले आणि पिढी ७ पाशी थांबल्या. तिथल्या चौकटीत आपल्या पणजीचे नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. मग त्यांनी नळकांडे मागवले, वडिलांच्या हातची जुनी गुंडाळी उलगडली, पिढी ७ ची कोरी चौकट शोधली आणि नातीला शाईचे पेन आणायला सांगितले. हात थरथरत होता, म्हणून नातीने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.